कसारा घाटात उकललेलं झाकण: घरी केलेल्या कार्बन फायबरचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

निखिल नाशिकच्या सिडकोत राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. नाव बदललं आहे, गाडीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बाकी घडलं तसं लिहितो. वडिलांची डिझेल हॅचबॅक त्याच्याकडे आली तेव्हा तिला दहा वर्षं होऊन गेली होती. इंजिन ठणठणीत, पण बॉनेट उघडलं की वरचं काळं प्लास्टिकचं झाकण विटलेलं आणि एका खुंटीजवळ तडकलेलं दिसायचं. ते झाकण घरच्या घरी कार्बन फायबरचं करायचं, हे त्याच्या मनाने घेतलं.

या वेडाचं मूळ त्याच्या मामांच्या गप्पांत आहे. मामा ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यातून, निवृत्त झाले. १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात आता तेजसची जोडणी होते, आणि तेजसच्या बाहेरच्या पृष्ठभागाचा बहुतेक भाग कार्बन कंपोझिटचा आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला आकाशात विमान दिसलं की ‘हे कशाचं बनलंय’ असं विचारणारा हा मुलगा.

माझं अंबडला फायबरचं वर्कशॉप आहे. आम्ही ज्याला नुसतं ‘फायबर’ म्हणतो ते काचेचं, पॉलिस्टर रेझिनमधलं (रेझिन म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा, ओतल्यावर जमून कडक होणारा द्रव): टाक्या, मशिनची गार्ड, पत्र्याऐवजी बसवायची कव्हरं. निखिल माझ्याकडे आला तो पहिलं झाकण बिघडल्यावर. म्हणजे या कामात मी अर्ध्यावरून आहे, आणि त्यातही माझा एक सल्ला चुकला होता. तो पुढे येईल.

पहिलं झाकण

मार्च महिन्यात, गच्चीवर. मूळ झाकण ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, त्यावर काळा रंग घातलेल्या इपॉक्सीचा (हार्डनर मिसळल्यावर जमणाऱ्या रेझिनचा) हात दिला आणि तो चिकट असतानाच कार्बनचं कापड बसवलं. कापड नेहमीचं: ३के धाग्याचं, तिरप्या विणीचं, चौरस मीटरला २०० ग्रॅम. ३के म्हणजे एका धाग्यात ३,००० तंतू, आणि एकेक तंतू साधारण ७ मायक्रॉनचा. वरून रेझिनचे चार थर, वॉटर पेपर, शेवटी गाड्यांच्या रंगकामात मारतात ती टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायची, क्लिअर.

दुसऱ्या थराच्या वेळी एक प्रसंग घडला. त्याने ४०० ग्रॅम मिश्रण एकदम प्लास्टिकच्या खोल डब्यात कालवलं. पाच-सात मिनिटांत डबा हाताला चटका देऊ लागला, मिश्रण पिवळं पडून धुरकटलं. इपॉक्सी जमताना स्वतःची उष्णता सोडतं. खोल भांड्यात ती उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे जमणं आणखी वेग घेतं. मार्चमधली नाशिकची दुपार त्यात भर घालते. नशिबाने तो डबा त्याने वाळूच्या घमेल्यात नेऊन ठेवला.

झाकण मात्र आरशासारखं झालं. मित्रांनी फोटो काढले, गॅरेजच्या मिस्त्रीने बोट फिरवून पाहिलं. दोन महिने शहरात गाडी फिरली, काही झालं नाही.

अडचण

मेच्या तिसऱ्या आठवड्यात निखिल घरच्यांना घेऊन ठाण्याहून परतत होता. दुपारची वेळ, पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. कसारा घाट ट्रकच्या मागे रांगत चढावा लागला. वर इगतपुरीला सगळे अर्धा तास चहाला थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं तर टर्बोकडचा कोपरा सुटलेला. स्टीलची पट्टी सात सेंटीमीटर आत जात होती. बाकी पृष्ठभागाचा आरसा गेला होता. विणीचे उंचवटे बोटाला लागत होते. बॉनेटच्या आतलं रबर जिथे टेकतं तिथे रबराचा ठसा उमटला होता.

हे सगळं ‘उष्णतेने झालं’ असं एका वाक्यात सांगता येतं, पण तसं सांगून हाती काही लागत नाही. यात तीन वेगवेगळी दुखणी होती.

पहिलं रेझिनचं. जमलेलं इपॉक्सी एका ठरावीक तापमानापर्यंत काचेसारखं कडक असतं, त्यापुढे ते चामड्यासारखं मऊ होऊ लागतं. कामातली माणसं त्या तापमानाला टीजी म्हणतात. नुसतं हवेवर जमू दिलेल्या इपॉक्सीचा टीजी बहुधा ५० ते ६५ अंशांच्या आसपास राहतो. डब्यावर काहीही छापलेलं असो, ज्या तापमानाला रेझिन जमलं त्याच्या फार वर टीजी जात नाही. रबराचा ठसा हा त्याचा पुरावा: कडक पदार्थावर रबराचा ठसा उमटत नाही.

दुसरं चिकटण्याचं. झाकण उलटं केलं तर आतल्या बाजूला अक्षरं होती, पीपी-टीडी२०. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात २० टक्के टाल्क. पॉलिप्रॉपिलीनला इपॉक्सी मनापासून धरत नाही. घासलेल्या चरांत ते अडकून बसतं, तेवढंच. ही खूण बहुतेक प्रत्येक प्लास्टिकच्या भागावर असते आणि ती वाचायला अर्धं मिनिट लागतं.

तिसरं दुखणं कोणाच्या लक्षात येत नाही. झाकण साधारण ५०० मिलिमीटर लांब. ते ६० अंशांनी तापलं तर टाल्क भरलेलं पॉलिप्रॉपिलीन २ मिलिमीटरच्या आसपास वाढतं. त्याच लांबीचा कार्बनचा थर ०.१ मिलिमीटरसुद्धा धड वाढत नाही. खालचं ओढतंय, वरचं हलत नाही, मधला चिकट थर मऊ पडलेला. मग कोपऱ्यातून सुटणार नाही तर काय होईल?

आधी मोजणी

निखिलला लगेच नवं कापड मागवायचं होतं. रेझिन कोणतं घ्यावं हे विचारायला तो मामांकडे गेला. मामांनी विचारलं ते वेगळंच: “कुठलं रेझिन ते मागाहून. तिथं किती तापतं, ते सांग आधी.” निखिलकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी ‘ऐंशी-नव्वद असेल’ असं हवेत बोललो होतो.

या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा टप्पा मी हाच मानतो. टूलरूममधून के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची वायर) आणि तो लावता येईल असा मल्टिमीटर आणला. मूळ झाकणाखाली चार ठिकाणी वायर चिकटवल्या, त्या बॉनेटच्या रबरातून आत घेतल्या आणि मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा कसाऱ्याला उतरून वर आलो.

शहरात, द्वारकेच्या कोंडीत, सर्वांत गरम कोपरा ७४ अंशांवर होता. घाट चढताना ८१. मला वाटलं झालं, हाच आकडा. इगतपुरीला गाडी बंद केली आणि निखिल मीटर बघत बसला. आकडा चढू लागला. बारा मिनिटांनी तो ९७ वर जाऊन थांबला. गाडी चालत असते तेव्हा हवा खेळत असते. बंद केली की वारा थांबतो, पंखा थांबतो आणि टर्बो-एक्झॉस्टच्या लोखंडात साठलेली उष्णता वर येते. झाकणाचं नुकसान घाटात झालंच नव्हतं, ते निखिल आणि घरचे चहा पीत होते तेव्हा झालं होतं.

टर्बोपासून लांबचा कोपरा कधीच ७० च्या वर गेला नाही. एकाच झाकणावर जवळजवळ ३० अंशांचा फरक.

विचारात घेतलेले पर्याय

मूळ झाकण धुऊन परत लावावं आणि विषय संपवावा, हा पहिला पर्याय. वजनाच्या दृष्टीने पाहिलं तर तोच शहाणपणाचा होता. मूळ झाकण खालच्या फोमसकट १.३ किलो होतं. कार्बनचं अर्ध्याहून हलकं होणार, पण ७०० ग्रॅमने गाडीच्या पळण्यात काडीचा फरक पडत नाही. कार्बन दिसतं सुंदर आणि ते स्वतः करण्यात शिकायला मिळतं, एवढ्यासाठीच हे काम करावं. निखिलला ते मान्य होतं आणि त्याला शिकायचंच होतं.

कार्बनसारखी दिसणारी फिल्म चिकटवण्याचा पर्याय त्याने ऐकूनही घेतला नाही. नायलॉनचं झाकण शोधून त्यावर पुन्हा कापड चढवणं शक्य होतं. नायलॉनला इपॉक्सी बरं धरतं. पण लांबीतल्या फरकाचं दुखणं कमी झालं तरी मिटत नाही.

चौथा पर्याय मी सुचवला: व्हिनाइल एस्टर रेझिन. माझ्या हातातलं काम, हवेवर जमतं आणि साध्या पॉलिस्टरपेक्षा ताप चांगला सोसतं. हाच माझा चुकलेला सल्ला. बाजारात मिळणाऱ्या कार्बन कापडाच्या तंतूंवर कारखान्यातच जो लेप असतो तो बहुधा इपॉक्सीशी जुळणारा असतो. व्हिनाइल एस्टर त्याला तितकं घट्ट धरत नाही. शिवाय ते जमताना जास्त आकसतं, वीण वर उमटते, आणि त्याची पिवळट झाक काळ्या कापडावर मळकट दिसते. मी एक हातभर नमुना करून पाहिला आणि सल्ला मागे घेतला.

उरला पाचवा: स्वतःचा साचा करायचा, झाकण पूर्ण कंपोझिटचं करायचं, आणि भट्टीत तापवून पक्कं होणारं इपॉक्सी वापरायचं. वेळखाऊ आणि खर्चिक, पण तिन्ही दुखण्यांवर उपाय असणारा हा एकच पर्याय होता. निखिलने निवडलेल्या रेझिनच्या माहितीपत्रकात १०० अंशांवर चार तास तापवल्यानंतरचा टीजी ११२ दिला होता. ९७ आणि ११२ मध्ये अंतर थोडं होतं, म्हणून टर्बोकडच्या कोपऱ्याखाली अ‍ॅल्युमिनियमची उष्णतारोधक फॉइल लावायची हेही तेव्हाच ठरलं.

बॉनेट आणि स्ट्रटचा (पुढच्या सस्पेन्शनचा) आडवा दांडा हे दोन भाग त्याच्या यादीत होते. ते मी यादीतून काढायला लावले. झाकण फुटलं तर फक्त वाईट दिसेल. बॉनेटची कडी वेगात सुटली किंवा दांडा वळणावर मोडला तर माणसं जातील. घरच्या कामाची चाचणी घेण्याचं साधन आपल्याकडे नाही, हे मान्य करूनच भाग निवडावा.

काय केलं

साचा माझ्या वर्कशॉपमध्ये झाला. मूळ झाकणाचे तडे लांबीने (पुटीने) भरले, घासून गुळगुळीत केलं, साचा सुटून यावा म्हणून मेणाचे सहा हात आणि वर पीव्हीएचा पातळ पापुद्रा. जेलकोट (साच्याचा गुळगुळीत वरचा थर), मग काचेच्या तुकड्यांच्या मॅटचे चार थर. ऑगस्टमध्ये साचा निघाला आणि निखिलला गणपतीच्या आत झाकण उरकायचं होतं.

मी नको म्हणत होतो, तरी त्याने एक चाचणी तुकडा ओतला. पावसाची झड होती. सकाळी तुकड्यावर मेणचट, चिकट साय आली होती. इपॉक्सीच्या हार्डनरमधलं अमाइन दमट हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतं, त्याची ही साय. ती पाण्याने आणि स्क्रबरने निघते. न काढता वर थर दिला तर तो सोलून येतो. तो तुकडा बघून त्याने स्वतःच दसऱ्यापर्यंत थांबायचं ठरवलं. थांबण्याचा दुसरा फायदा असा झाला की पॉलिस्टरचा साचा दोन महिने सुकला. कोवळ्या साच्यातलं स्टायरीन (पॉलिस्टर रेझिनला पातळ ठेवणारा द्रव) इपॉक्सीला नीट जमू देत नाही आणि भाग साच्याला धरून बसतो.

इथे पॉलिस्टरच्या सवयीबद्दल थोडं लिहायला हवं, कारण अंबड-सातपूरमधल्या कुठल्याही फायबरवाल्याकडे कोणी शिकायला गेलं तर ही चूक होणारच. पॉलिस्टरमध्ये कॅटॅलिस्ट टक्का-दोन टक्के पडतो. थंडीत जास्त घातला की लवकर जमतं. आमचे हात अंदाजाने चालतात. इपॉक्सीत हार्डनर हा घटक आहे. १०० ला ३० सांगितलं असेल तर ३५ घातल्याने लवकर जमत नाही, उलट जादाचा हार्डनर आतच उरतो आणि टीजी उतरतो. आणि ते ३० वजनाने, मापाने नाही. निखिलने सराफांकडे असतो तसा दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घेतला आणि १५० ग्रॅमच्या वर एकदाही कालवलं नाही, तेही पसरट ट्रेमध्ये. आमची नेहमीची मॅटही इथे चालत नाही. तिचे तुकडे बांधून ठेवणारा पदार्थ स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, आणि मॅट कोपऱ्यात ताठ उभी राहते. विणलेलं काचेचं कापडच लागतं.

थर असे ठरले: साच्याकडून कार्बन, कार्बन, आणि आतल्या बाजूला काचेचं कापड. काच कशाला? कार्बनमधून वीज वाहते. झाकणाखाली इंजेक्टरचं वायरिंग जातं. एखादी वायर घासून उघडी पडली तर कार्बन तिथे तारेचं काम करेल. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला कार्बन टेकून राहिलं आणि ओल आली की अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं. काचेचा थर दोन्हींमध्ये भिंत घालतो.

थर साच्यावर दाबून बसावेत म्हणून वर पिशवी लावून हवा काढायला एसी दुरुस्तीवाल्याकडून व्हॅक्यूम पंप भाड्याने आणला. गेजवर पारा २७ इंचांवर अडला. निखिल दीड तास साबणाचं पाणी लावून गळती शोधत होता. गळती नव्हतीच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे हवेचा दाबच साधारण २८ इंचांचा. मुंबईत ३० च्या जवळ आकडा दिसेल, इथे कधीच दिसणार नाही. इंटरनेटवर समुद्रकाठच्या माणसाने केलेलं काम बघून नाशिकमध्ये पंप लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

भट्टीसाठी आधी पावडर कोटिंगवाल्याला विचारलं. त्याने स्पष्ट नकार दिला: साच्याच्या मेणाचा अंश त्याच्या भट्टीत उडाला तर पुढच्या मालावर खड्डे पडतील. त्याचं बरोबर होतं. मग जुनं लोखंडी कपाट आडवं टाकलं, आतून ग्लासवूल, २ किलोवॉटचा हीटर, हवा फिरवायला पंखा, तापमान नियंत्रक, आणि नियंत्रक अडकला तर वीज तोडणारा वेगळा थर्मोस्टॅट १२० वर. पंख्याशिवाय वर-खाली १४ अंशांचा फरक होता, पंख्याने तो ३ वर आला.

झाकण साच्यातून दोन दिवसांनी काढलं आणि साच्याशिवाय तापवलं, कारण पॉलिस्टरचा साचा १०० अंशांना टिकला नसता. आधाराला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या. तासाला १० अंश या गतीने ६० पर्यंत, तिथे दोन तास. मग ८०, तिथे दोन. मग १००, तिथे चार. पहाटे ५ ला सुरू केलं ते रात्री ८ ला संपलं, आणि पूर्ण वेळ कोणीतरी कपाटापाशी बसून होतं. घाई केली तर तापमान टीजीच्या पुढे पळतं आणि भाग आधारावर लोळतो. दार ५० अंशांच्या खाली उतरल्यावर उघडलं.

कड कापणं आणि घासणं पाण्याखाली. पहिल्या वेळी निखिलने कोरडं घासलं होतं, गच्चीच्या दाराशी इन्व्हर्टर ठेवलेला असताना. काळी धूळ वीजवाहक असते. त्याच्या दोन्ही हातांना तेव्हा आठवडाभर पुरळ होतं, आणि रेझिन काढायला त्याने थिनर चोळल्याने ते वाढलं. थिनर रेझिनला पातळ करून कातडीत उतरवतो. या वेळी नायट्राइलचे हातमोजे, धूळ आणि वाफ दोन्ही अडवणारा मास्क, आणि हात धुवायला फक्त साबण आणि गार पाणी.

निष्पत्ती

झाकण ५६० ग्रॅमचं झालं. दोन उन्हाळे झाले. कसारा किती वेळा चढला याची मोजणी नाही, पण थर्मोकपल अजून जागेवर आहे आणि फॉइल लावल्यापासून कोपरा ८६ च्या वर गेलेला नाही. वीण वर उमटली नाही, ठसा नाही. एका खुंटीच्या भोकाशी क्लिअरला केसाएवढी रेघ गेली होती. तिथे रबरी ग्रोमेट बसवल्यावर ती वाढली नाही.

एक गोष्ट बिघडली ती पहिल्याच दिवशी कानाला कळली. मूळ झाकणाखालचा फोम आवाज शोषण्यासाठी होता. तो नसल्याने डिझेलची खडखड आत येऊ लागली. जुन्या झाकणाचा फोम काढून नव्याला लावला तेव्हा कुठे आईने गाडीत बोलता येतं असं सांगितलं.

दोन्ही प्रयत्नांचा मिळून खर्च, माझी मजुरी न धरता, साडेअकरा हजार. त्यातले जवळपास चार हजार पहिल्या झाकणावर गेले.

वेगळं काय करता आलं असतं

थरांची रचना चुकली. कार्बन, कार्बन, काच अशी एका बाजूला काच ठेवली. तापवताना काच वाढते, कार्बन वाढत नाही, आणि भट्टीतून निघालेल्या झाकणाचा एक कोपरा ४ मिलिमीटर उचललेला होता. खुंटी ओढून बसवून ते भागलं, म्हणून तो ताण अजून झाकणात आहे. दोन्ही बाजूंना सारखं ठेवायला हवं होतं: काच मध्ये दोन थर, कार्बन वर आणि खाली, आणि विजेपासून बचावासाठी आतल्या बाजूला अगदी पातळ काचेचा पदर किंवा नुसता जाड लेप. टूलरूमच्या माणसाला आणि वीस वर्षं फायबर करणाऱ्याला, दोघांनाही हे सुचलं नाही, कारण हवेवर जमणाऱ्या कामात हा दोष दिसतच नाही.

मोजणी मार्चमध्येच झाली असती तर पहिलं झाकण झालंच नसतं. थर्मोकपलची वायर दोनशे रुपयांत मिळते.

चाचणी तुकडाही आम्ही भट्टीत घालायला हवा होता. झाकणासोबत त्याच कापडाची हातभर पट्टी ठेवायची, मग ती उकळत्या पाण्यात बुडवून वाकवून बघायची. नाशिकच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, म्हणजे आमच्या ९७ च्या आकड्याला घरच्या पातेल्यात तपासणी झाली असती. हे निखिलच्या मामांनी झाकण गाडीवर चढल्यावर सांगितलं.

सध्या तो फ्यूज बॉक्सचं झाकण करतो आहे. कापड काचेचं घेतलं आहे, रेझिनमध्ये काळा रंग. तिथे कार्बन वापरायचं नाही हे या वेळी त्यानेच मला सांगितलं.